डाव्या बाजूचे उलटे आटे

आधी बाबालाल मिस्त्रींचं नाव लिहितो. मिरजेचे बाबालाल शिकलगार, कुपवाडमधल्या आमच्या वर्कशॉपचे हेड मिस्त्री. इथे मला खोली त्यांनी बघून दिली. मोजपट्टीवरचे इंच आणि सूत वाचायला त्यांनी शिकवलं. टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस डबा त्यांच्या घरून आला. माझ्या लग्नाला ते आणि चाची एसट्या बदलत हिंगोलीपर्यंत आले, आणि मंडपात माझ्या आईशेजारी घरचे असल्यासारखे बसून राहिले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, जुन्या जीपगाड्यांच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण चाचांचं नाव मागे ठेवून लिहायला बसलो की चार ओळींवर हात थांबतो. गेल्या दोन दिवाळ्यांना असंच झालं. म्हणून या वेळी उलट्या बाजूने सुरुवात केली. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं. मजकूर मात्र बदलू नये ही विनंती.

माझं गाव हिंगोलीकडचं. शाळा सोडल्यावर मामाच्या ओळखीने बोअर मारायच्या गाडीवर लागलो. ती गाडी फिरत फिरत जतच्या दुष्काळी भागात आली, आणि तिथून कर्नाटकात जायची म्हणून मालकाने माणसं कमी केली. त्यात मी. एकोणीस वर्षांचा होतो. गावी परत जायला तोंड नव्हतं, कारण निघताना मोठ्या गप्पा मारून निघालो होतो. जतमधल्या कोणीतरी सांगितलं की कुपवाडच्या एमआयडीसीत हाताला काम मिळतं. दोन दिवस गेटागेटाला विचारत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका शेडच्या दारात एक माणूस उकिडवा बसून चाकाचं बेअरिंग ग्रीसमध्ये मळत होता, बाया कणीक मळतात तसा. मी काम विचारलं तेव्हा त्याने वर न बघता पाना पुढे केला, आणि समोरच्या जीपचं पुढचं डावं चाक सोड म्हणाला.

मी पाना लावला, जोर केला. नट हलेना. आणखी जोर केला, पायाने पान्यावर उभा राहिलो. कडकन आवाज झाला आणि बोल्टचं मुंडकं नटासकट हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यालाही तेच करायला निघालो तेव्हा त्या माणसाने हात धरला. शेडचे मालक विक्रमदादा आवाज ऐकून आले. त्यांनी काय झालं विचारलं, तेव्हा तो माणूस म्हणाला की बोल्ट आधीच गंजून गेले होते, तुटणारच होते. मालक गेल्यावर मला म्हणाला,

"डावीकडचे आटे उलटे असत्यात रं. तू सोडत न्हवतास, आवळत हुतास."

ते चाचा. आणि मला वाचवण्यासाठी ते खोटं बोलले, ती पहिली वेळ.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे लष्कराच्या लिलावात निघालेल्या, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या जीप येतात. आम्ही त्या पार उघड्या करून नव्याने उभ्या करतो. साताऱ्याकडे तर घरटी फौजी, त्यामुळे जुन्या जीपचं प्रेम तिकडे जास्त. या गाड्यांत चाक ज्यावर चढतं त्या ड्रमला पाच बोल्ट कायमचे बसवलेले असतात, त्यांना आम्ही स्टड म्हणतो. रिम त्यावर चढवायची आणि बाहेरून पाच नट आवळायचे. नेहमीच्या गाडीला सगळे नट एकाच दिशेने फिरतात. या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे मात्र उलटे. गाडी पुढे जाताना डावं चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने साधा नट कणाकणाने सुटत जाईल अशी त्या काळच्या लोकांची धास्ती होती. म्हणून आटेच उलटे पाडले. नवा माणूस पहिल्या दिवशी डावीकडचा स्टड तोडतोच. चाचा म्हणायचे, त्याशिवाय तो आमच्यातला होत नाही.

चाकं निवडणं हे या कामातलं सगळ्यात भांडणाचं काम. इंजिन गिऱ्हाइकाला कळत नाही, गिअरबॉक्स दिसत नाही, पण चाकं फोटोत येतात. या जीपचं मूळ चाक अरुंद असतं, सोळा इंची, बघायला अगदी किडमिडीत. आजकालच्या पोरांना रुंद चाकं लागतात, चिखलात उभी राहिल्यासारखी दिसणारी. खरं म्हणजे चिखलात अरुंद चाकच बरं. ते वरचा राडा कापत खालच्या घट्ट जमिनीला जाऊन लागतं. रुंद चाक वरच तरंगतं आणि गरागरा फिरतं. शिवाय रुंद चाक बाहेर येतं, त्याचा सगळा भार स्टडवर आणि बेअरिंगवर पडतो. हे गिऱ्हाइकाला पटवायला चाचा त्याच्या हातात पाण्याची भरलेली बादली द्यायचे. आधी अंगाजवळ धर म्हणायचे, मग हात लांब करून धर. अर्ध्या मिनिटात त्याचा हात खाली यायचा. बरीच गिऱ्हाइकं तिथेच ऐकायची.

शिरवळच्या कारखान्यातले एक साहेब बादली धरूनसुद्धा ऐकले नाहीत. त्यांनी पुढे एका मापाची आणि मागे दुसऱ्या मापाची चाकं आणली, का तर मागून गाडी उंच दिसावी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीला चारी चाकं एका मापाची लागतात, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी भांडतात. चाचांनी समजावलं. साहेब म्हणाले, मी इंजिनिअर आहे. महिन्याने गाडी टेम्पोवर चढून परत आली. चाचांनी चहा तेवढा दोन साखरेचा पाजला.

आणि चाचांचा एक नियम होता. तो या सगळ्या गोष्टीचा खिळा आहे, म्हणून नीट सांगतो. गाडी तयार झाली की पहिली चक्कर कुपवाडहून तासगावच्या रस्त्याला आणि परत. गाडी कुणीही चालवो, ज्याने चाकं बसवली त्याने डाव्या सीटवर बसायचं. परत आलं की त्यानेच सगळे नट पुन्हा आवळायचे. "आपल्या हातावर आपण बसल्याबिगर दुसऱ्याला बसवू नये," असं म्हणायचे ते. अकरा वर्षांत मी कितीतरी पहिल्या चकरा केल्या. एकदा रेडिएटर फुटून तोंड भाजलं, एकदा ब्रेक लागेना म्हणून उसात गेलो. पण चाकाने कधी दगा दिला नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती तीन वर्षांपूर्वीची.

मलकापूरच्या प्रतापरावांनी जीप आणली. बांधकामाची कामं घेणारा तरुण माणूस, बोलायला मोकळा, येताना सगळ्यांना वडापाव आणणारा. जीप त्यांच्या आजोबांनी लिलावात घेतलेली. साताऱ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, त्यात त्यांना ती न्यायची होती. चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, चांगली होती, बॉडी अर्धी गेलेली, आणि चाकं बैलगाडीला लावून कधीच संपलेली.

चाचांनी मूळच्या चाकांसाठी फोनाफोनी केली. कोरेगावकडच्या एका गावातले रिटायर हवालदार निघाले. त्यांच्याकडे गोठ्याच्या माळ्यावर पाच रिमा होत्या, तेल लावून पोत्यात बांधलेल्या. स्वतःची जीप कधी काळी विकली, पण रिमा ठेवल्या होत्या. का ठेवल्या ते त्यांनाही सांगता येईना. मी आणि चाचा टेम्पो घेऊन गेलो. हवालदारांनी एकेक रिम उन्हात आणून जमिनीवर फिरवून दाखवली. एकही डगमगत नव्हती. पैशाचं विचारलं तर रागावले.

"आवं मिस्त्री, इकायची असती तर कवाच इकली असती. चालत्या गाडीला घाला म्हंजे झालं. शोभंला ठिऊ नका."

चाचांनी त्यांना शब्द दिला. परतताना टेम्पोत चाचा लय खुशीत होते. मला म्हणाले, ही चाकं तू बसवायचीस, मी हात लावणार नाही. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

त्यानंतर चार दिवसांनी चाचांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मिरजेतच. डॉक्टरांनी धूळ आणि वेल्डिंगपासून लांब राहायला सांगितलं. आणि नेमके त्याच आठवड्यात प्रतापराव नवी चाकं घेऊन आले.

चकचकीत अलॉयची, रुंद, काळी-रुपेरी. त्यावर आरशासारखे नट. मेळाव्याला पाच दिवस होते. हवालदारांच्या रिमा बघून प्रतापराव हसले. ह्यांना लावून काय बैलपोळ्याला नेऊ का गाडी, म्हणाले. मी चाचांची बादली आणली. त्यांनी ती धरली नाही, फोनवर बोलत राहिले. विक्रमदादा मला बाजूला घेऊन गेले. दादा माणूस वाईट नाही, हे इथे लिहितो. पण त्यांच्या नव्या शेडचं बांधकाम प्रतापरावांच्या माणसांकडे दिलेलं होतं आणि स्लॅब अर्धाच घालून झाला होता. ते म्हणाले की मला कारणं सांगू नकोस, एवढंच सांग, बसतंय का नाही. आणि मग सहज बोलावं तसं, कोल्हापूरचा एक मिस्त्री काम मागायला आला होता असं म्हणाले.

माझी खोली भाड्याची. बायको तेव्हा पोटुशी होती. गावाकडे आईला मी दर महिन्याला सांगायचो की सगळं झकास आहे. अकरा वर्षं इथे राहून वर्कशॉपमध्ये मला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, "हिंगोली" म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, तरी त्या हाकेत रोज आठवण होती की तू इथला नाहीस. हे सगळं मी सबब म्हणून लिहीत नाही. पण त्या क्षणी डोक्यात हेच होतं, चाक नव्हतं. पाच भोकं पाच स्टडवर चढत होती. मी म्हणालो, बसतंय.

बसणं आणि टिकणं यातला फरक मला चाचांनीच शिकवला होता.

उजवीकडची दोन चाकं झाली. डावीकडे आलो तर नवे नट चढेनात. ते सुलट्या आट्याचे, आमचे स्टड उलट्या आट्याचे. जुने नट लावावेत तर अलॉयची भोकं खोल आणि अरुंद, जुना नट आत जाऊन बसेना. उलट्या आट्याचे तसले नट कुठे मिळतात का म्हणून फोन केले. पुण्याचा दुकानदार म्हणाला, मागवावे लागतील, तीन आठवडे. प्रतापराव म्हणाले, मग स्टडच बदला.

स्टड बदलता येतात. पण जुने स्टड ड्रमला मागून ठोकून फुलवलेले असतात. तो फुललेला भाग आधी लेथवर कापायचा, मग स्टड सरळ निघतो. लेथवाला गुरुवार म्हणाला. विक्रमदादांना गाडी बुधवारीच चाकांवर उभी हवी होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, मी डावे दोन्ही ड्रम उतरवले आणि हातोड्याने स्टड मारून काढले.

न कापता मारला की तो फुललेला भाग भोक मोठं करत बाहेर येतो. हे मला माहीत होतं. आठ भोकांनी सोसलं. पुढच्या डाव्या ड्रमची दोन मोठी झाली. नवे स्टड त्यात घातले तर बोटाने फिरवता येत होते. मी मागून वेल्डिंगचा टाका मारला, दोन्हींना. पोलादी स्टडला वेल्डिंगची आच लागली की त्या जागी तो काचेसारखा होतो. हेही माहीत होतं. ड्रम चढवला, टाके मागे झाकले गेले, पुढून पाच आरसे चमकायला लागले. विक्रमदादांनी पाठ थोपटली.

त्या दोन रात्री मला झोप आली नाही. बायकोला वाटलं पोटाचं दुखणं आहे, तिने ओवा दिला.

शुक्रवारी सकाळी प्रतापराव गाडी न्यायला आले. आणि चाचाही आले. डोळ्यावर काळा चष्मा, कानाला बाहेरच्या धुळीसाठी रुमाल. घरी बसवत नाही म्हणाले. आधी अलॉय बघितली. कोपऱ्यात हवालदारांच्या रिमा पोत्यात होत्या, तिकडे एकदा बघितलं. मग मला विचारलं की डावीकडचं काय केलंस. मी म्हणालो, स्टड बदलले. लेथवर का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

ते वाकून बघायला गेले. मग मधेच थांबले, डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं.

"तू बघितलंस नव्हं? मग मी बघितलं."

असं म्हणून सरळ झाले. प्रतापराव स्टेअरिंगवर बसले. चाचांनी मला मान हलवून डाव्या सीटकडे खूण केली, रोजच्यासारखी.

चाक नक्की तुटेल असं वाटलं असतं तर मी बोललो असतो, एवढा विश्वास मला अजून माझ्यावर ठेवावासा वाटतो. मला वाटत होतं टिकेल. फक्त त्यावर मी स्वतः बसू शकत नव्हतो. मी म्हणालो, चाचा, आईचा फोन यायचाय, गावाकडे सकाळचीच रेंज असते.

चाचांनी काळ्या चष्म्यातून बघितलं. डोळे दिसले नाहीत, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते मला आजही माहीत नाही. म्हणाले, "बोल बाबा आईसंगं. मी जातो." आणि रुमाल घट्ट करून माझ्या जागेवर बसले.

आईचा फोन येणार नव्हता. बोललेलं निदान खोटं ठरू नये म्हणून गाडी गेटबाहेर गेल्यावर मीच तिला लावला. ती शेतात होती.

"कामून रं, कामाच्या वक्ताला फोन?"

सहज केला म्हणालो. तिने बायकोचं विचारलं, डोहाळ्यांचं विचारलं. बाबालालभाऊंचे डोळे कसे आहेत ते विचारलं. मी बरे आहेत म्हणत होतो तेवढ्यात मधे विक्रमदादांचा फोन वाजायला लागला.

तासगावच्या अलीकडच्या उतारावर पुढचं डावं चाक गेलं. आधी टाक्याचे दोन स्टड तुटले, मग उरलेले तीन. गाडी डाव्या बाजूला जमिनीवर बसली आणि घासत गेली. या जीपला दारं नसतात. चाचा बाहेर फेकले गेले आणि डावा पाय गाडीच्या पायरीखाली आला. प्रतापरावांना खरचटलं. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा लोकांनी चाचांना बाभळीखाली निजवलं होतं. चष्मा फुटला नव्हता, याचंच ते सगळ्यांना सांगत होते. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी चाची पाणी आणायला गेल्या तेव्हा चाचांनी उशीखालून हात काढला. मूठ उघडली. तुटलेल्या स्टडचं बूड होतं, रस्त्यावरच उचललेलं, कडेला वेल्डिंगचा निळा डाग.

"टाका का मारलास?"

"ढिला बसत होता."

"मग सांगायचं नव्हं."

"भ्यालो, चाचा."

"कुणाला?"

विक्रमदादांना म्हणावं तर तेही खरं नव्हतं. चाचांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

"हे कुणाला दावू नकोस. माझं घर मिरजेत हाय, पोरगा हाय. तुला हाकललं तर बायकोला घिऊन कुठं जाशील?"

हवं तर त्याच वेळी बोलता आलं असतं, खाली जाऊन विक्रमदादांना फोन करता आला असता. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो, आणि मग कामावर गेलो, कारण सुट्टी अर्ध्या दिवसाचीच होती.

आठवड्याने प्रतापराव चार माणसं घेऊन वर्कशॉपला आले. गाडीचं नुकसान कोणाच्या डोक्यावर, हे ठरवायचं होतं. विक्रमदादांनी चाचांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. चाचांचा आवाज बारीक येत होता, तरी एकेक शब्द ऐकू आला.

"चाकं मी तपासली हुती. डोळ्यानं दगा दिला. पोरांचा काय दोष न्हाई."

प्रतापराव म्हणाले, अशा आंधळ्या माणसांना कशाला ठेवता कामावर. विक्रमदादांनी मान खाली घातली, पण आता ठेवणार नाही असं म्हणाले. मी टेबलापासून तीन हातांवर उभा होतो. खिशात स्टडचं बूड होतं आणि मी त्यावरून अंगठा फिरवत होतो. तेवढंच केलं मी.

पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. आमचं सगळं काम उकिडवं बसून असतं, ते संपलं. नमाजसुद्धा आता खुर्चीवर बसून पढतात. मोठ्या मुलाच्या पंक्चरच्या दुकानात दिवसभर पाय लांब करून बसतात आणि येणाऱ्याला हवा किती भरायची ते सांगतात. पंचेचाळीस वर्षं ज्या हाताने लिलावातली मेलेली गाडी चालती केली, तो हात आता हवेच्या नळीवर असतो.

पुढच्या महिन्यात मला हेड मिस्त्री केलं. चाचांच्या टूलबॉक्सची किल्ली विक्रमदादांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली, टाळ्या झाल्या. तेव्हापासून मला कोणी हिंगोली म्हणत नाही, मिस्त्री म्हणतात. मला लागलेली ही एकमेव पदवी, आणि ती कशी लागली ते वर लिहिलंच आहे. प्रतापरावांनी गाडी दुसरीकडे दुरुस्त करून घेतली, चाकं तीच ठेवली. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात तिला देखणेपणाचा चषक मिळाला. विक्रमदादांनी फोटो ऑफिसात लावलाय, कारण बॉडी आमची होती. मी रोज त्याखालून जातो.

पहिल्या चकरेचा नियमही मोडला. मी मोडला. नव्या पोरांना बसा म्हणायला तोंड उघडत नाही, आणि स्वतः बसलो तर उतरेपर्यंत कान डाव्या चाकाकडे असतात. आता मी एकेका नटाला तीन-तीनदा पाना लावतो. गिऱ्हाइकं म्हणतात, मिस्त्री लय बारकाईने काम करतात.

हवालदारांच्या रिमा प्रतापरावांनी नाकारल्यावर भंगारात निघाल्या होत्या. मी त्या माझ्या खोलीवर नेल्या, पलंगाखाली ठेवल्यात. हवालदार दर दिवाळीला फोन करतात. चाकं फिरतायत नव्हं, एवढंच विचारतात. तीन वर्षं मी हो म्हणतोय. म्हातारा माणूस, खूश होतो, ठेवतो फोन. त्या पलंगावर माझी मुलगी झोपते आणि खाली चाचांनी दिलेला शब्द पोत्यात बांधून पडलेला आहे.

हे लिहिण्याआधी मी मिरजेला जाऊन चाचांना सांगितलं. ते रागावले. माझा गुडघा वाकणार हाय का त्यानं, म्हणाले. बराच वेळ नळीचं तोंड फडक्याने पुसत बसले. मग, लिवायचंच आसंल तर माझं नाव बदल, म्हणाले. मी ते ऐकलं नाही. त्यांचं सगळं ऐकत आलो, आणि त्यांनी गप्प बस म्हटलेलं तर फारच ऐकलं.

या अंकात आमच्या वर्कशॉपची जाहिरात असते. म्हणजे अंक विक्रमदादांच्या टेबलावर येणार आणि ते आधी आपली जाहिरात कशी आलीय ते बघणार, मग पानं चाळणार. दादा, इथवर आला असाल तर स्टडचं बूड तुमच्या उजव्या खणात, पावत्यांच्या खाली ठेवलंय. निळा डाग बघा. चाचांचे डोळे चांगले होते. टूलबॉक्सची किल्लीही तिथेच आहे. पुढचं तुम्ही ठरवा. भीती अजून वाटते, पण आता ती कोणाची वाटते ते मला सांगता येतं. माझीच.

आणि चाचा, तुमच्यासाठी हे. जतजवळ एका धनगराच्या वाड्यामागे एक जीप पडलीय. इंजिन धरलंय, फिरत नाही, पण चेसी शाबूत आहे. मी जाऊन डावीकडचे स्टड बघून आलो, उलट्या आट्याचे, दहाच्या दहा. मालक गाडी राखून ठेवतो म्हणालाय. नोकरी राहो न राहो, दोन वर्षं लागोत, पाच लागोत, ती गाडी मी उभी करणार. क्लच पायाचा काढून हाताचा करीन, म्हणजे तुमचा गुडघा आड यायचा नाही. चाकं हवालदारांचीच, अरुंद, तुम्हाला हवी होती तीच. स्टेअरिंगवर तुम्ही बसायचं. तासगावच्या त्या उतारावरून जायचं आणि परत यायचं. तुमच्या डाव्या बाजूला मी बसेन.